खेळ त्यांचा, पैसा आपला

२६ नोव्हेंबर २०२५. आपण संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करत होतो, त्याच दिवशी ग्लासगोमध्ये २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्याचे जाहीर झाले. पनवेलमधल्या आमच्या पोरांनी लगेच अभिमानाचे स्टेटस लावले. अभिमान असू द्या. पण यजमानपद म्हणजे खर्च, आणि तो याआधी कोणाच्या वाट्यातून झाला, हा इतिहास आपल्याला कोणी सांगत नाही.

सुरुवात महाराष्ट्रातून करू. ऑक्टोबर २००८ मध्ये पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. ७१ देश आले, पदकतालिकेत भारत पहिला आला. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी आधीच बांधलेले होते. सुरेश कलमाडींच्या पुण्यातला हा सोहळा म्हणजे दिल्लीची रंगीत तालीम होती.

आणि दिल्लीत काय घडले? अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनांचा पैसा वेगळा ठेवायचा, तो दुसरीकडे वळवायचा नाही, अशी विशेष घटक योजना १९७९-८० पासून आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, घरकुले यासाठीचा हा पैसा. दिल्ली सरकारने २००६ नंतर त्यातलाच पैसा २०१० च्या स्पर्धांच्या कामांकडे वळवला. माहितीच्या अधिकारात कार्यकर्त्यांनी कागद काढले तेव्हा आकडा निघाला ७४४ कोटींचा. ऑगस्ट २०१० मध्ये गृहमंत्री चिदंबरम यांनी राज्यसभेत सुमारे ६७८ कोटी वळवल्याचे आणि ते चुकीचे असल्याचे मान्य केले. एक लक्षात घ्या, हे कोणा लेखापरीक्षकाने शोधले नाही. आपल्याच चळवळीतल्या माणसांनी अर्ज करून शोधले.

यावर नेहमीचा युक्तिवाद असतो: रस्ते, पूल, स्टेडियम दलितही वापरतातच ना? वापरतात. पण सर्वांसाठीचा रस्ता सर्वांच्या पैशातून व्हायला हवा. तो आमच्या वसतिगृहाच्या पैशातून कसा? समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही वंचिततेच्या व्याख्या पाठ केल्या. अंदाजपत्रकातले लेखाशीर्ष वाचायला मात्र कोणी शिकवले नाही.

बरे, मागे उरले तरी काय? दिल्लीनंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी २०११ मध्ये, डेहराडून आणि औलीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. डेहराडूनला त्यासाठी आंतरराष्ट्रीय दर्जाचा बर्फाचा रिंक बांधला. सोहळा संपला आणि तो दहा वर्षांहून अधिक काळ बंद पडून राहिला. पुन्हा सुरू झाला तो २०२५ मध्ये.

दिल्लीनंतर काही राज्ये शहाणी झाली. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीसाठी कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात तरीही ‘सर्वांसाठीच्या कामातला काही हिस्सा दलितांवर खर्च झाला असे मानावे’ अशी पळवाट, कलम ७(ड), होतीच. दिल्लीचाच युक्तिवाद, फक्त कायद्याच्या भाषेत! लोकांनी लावून धरल्यावर ती २०२३ मध्ये काढली गेली.

महाराष्ट्रात असा कायदाच नाही. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ‘लाडकी बहीण’कडे वळवले गेले. बहिणींना पैसे मिळावेत, जरूर मिळावेत, पण सर्वसाधारण तिजोरीतून. खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली. पैसा तरी गेलाच, कारण तो अडवायला मंत्र्यांच्याही हातात कायदा नव्हता.