वैशाखातला पाहुणा आणि तांब्याभर पाणी

मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला म्हणजे दगड, विटा, सिमेंट, लाकूडकाम व मजुरी यांचा जमाखर्च स्मरणिकेत छापला जातो आणि देणगीदारांची नावे रकमेसह येतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या माणसांनी हे कार्य तडीस नेले ती गावात राहणारी व गावाबाहेर राहणारी माणसे इतकी वर्षे एकमेकांना धरून कशी राहिली, याचीही थोडी नोंद असावी, या हेतूने हा मजकूर दिला आहे. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत नाती राखली गेली ती मुख्यत्वे उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत, आणि त्या महिन्यांतील पाहुणचाराचा इतिहास पाहू गेल्यास तो बराचसा पाण्याचा इतिहास निघतो.

पाहुणचारासाठी उन्हाळाच का, याचे उत्तर शेतीत आहे. हा मुलूख भाताचा. मृग लागला की पेरणी, मग आवणी, बेणणी आणि पुढे कापणी-झोडणी. या काळात घरात आजारी माणूस पडला तरी त्याच्याजवळ बसायला कोणी सापडत नसे, मग पाहुण्याचे काय? शिवाय शंभर इंचांच्या आसपास पाऊस. भातसा, तानसा, काळू, शाई, बारवी या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य ओहोळ दुथडी भरले की पलीकडच्या गावात दिलेली लेक चार महिने परदेशी गेल्यासारखी होई. पूल फार उशिरा आले. त्यामुळे राब भाजून झाले, वाल-हरभरा घरात आला आणि होळी पेटली की माणूस मोकळा होई. घरावरची कौले परतायची, कुडाला माती लावायची, अंगण चोपून सारवायचे, ही कामे त्याच दिवसांतली, आणि सारवलेले अंगण तयार झाले की पाहुण्याची झोपायची सोय आपोआप होई. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, तिलाही पाहुणे येतात. पण तेव्हा विहिरींना पाणी असते, म्हणून तो विषय निराळा.

वाटसरूला पाणी देण्याची या भागातील चाल किती जुनी आहे, याचा पुरावा मुरबाड तालुक्याच्या हद्दीवरच उभा आहे. वैशाखरे गावावरून वर चढणारा नाणेघाट हा सोपारा-कल्याण या बंदरांकडून जुन्नरकडे जाणारा सातवाहनांच्या काळचा व्यापारी रस्ता. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मोठा ब्राह्मी लेख आहे, तो पाहण्यासाठी अभ्यासक लांबून येतात. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांचा म्हणून सर्वांना माहीत असतो. मात्र त्याच ठिकाणी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, त्यांकडे लक्ष थोडे कमी जाते. त्यांपैकी एकावरील छोट्या लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याचे म्हटले आहे. या परिसरातील देणगीदारांच्या यादीत लेखी सापडणारे हे फार जुने नाव म्हणावे लागेल, आणि त्याची देणगी पाण्याची आहे.

आता घरचा पाहुणचार. पन्नास-साठ वर्षांपूर्वी पाहुणा उन्हातून चालत येई. आसनगाव, आटगाव, खर्डी अशा स्टेशनावर उतरून दोन-तीन कोस तुडवावे लागत. मुरबाडकडच्या माणसाला कल्याणहून पायी किंवा बैलगाडीने यावे लागे. राज्यात 1948 साली एस. टी. सुरू झाल्यावर पुढे या रस्त्यांनाही गाड्या लागल्या, परंतु फाट्यावर उतरून चालणे काही चुकले नाही. पाहुणा अंगणात आला की "बसा पाव्हणं, आधी पाणी घ्या" एवढेच शब्द निघत. कुठून आलात, काय काम काढलेत, हे विचारण्याची घाई करणे हलकेपणाचे समजत. पायांवर घ्यायला एक तांब्या, प्यायला दुसरा, आणि पिण्याच्या तांब्याबरोबर गुळाचा खडा. उन्हातून आलेल्याने नुसते पाणी ढोसू नये म्हणून गूळ, असे म्हातारी माणसे सांगत. माठ नवा असला आणि त्यात वाळ्याची जुडी टाकलेली असली तर त्या घरची कीर्ती चार गावांत होई.

जेवणात बडेजाव नसे. तांदळाची किंवा नागलीची भाकरी, वालाचे बिरडे, सुकट नाहीतर सुके बोंबील, कैरीची चटणी. जावई असेल तर गावठी कोंबडी. पेंढ्याच्या अढीत पिकलेले रायवळ आंबे पाटीने पुढे ठेवीत आणि कोणी किती खाल्ले हे बाठ्यांवरून मोजीत. मुले करवंदे, जांभळे, तोरणे यांसाठी रानात पांगत, ती संध्याकाळीच परतत. रात्री अंगणात घोंगड्या पसरून, कोणाचे लग्न जमले, कोणाची म्हैस व्याली, कोणत्या बांधावरून कोणाचे बोलणे बंद आहे, हे सर्व निघे. पुष्कळ भावकीचे तंटे कोर्टात न जाता या अंगणांत मिटले आहेत. काही तेथेच सुरूही झाले, हेही खरे.

माहेरवाशिणीचा पाहुणचार मात्र एकच दिवसाचा. पहिल्या दिवशी आई तिला चुलीजवळ येऊ देत नसे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वतःच हंडा-कळशी उचलून भावजयीबरोबर विहिरीची वाट धरी, कारण वैशाखात घरात पाच माणसे वाढली म्हणजे किती खेपा वाढतात हे तिला सांगावे लागत नसे. विहीर आटलेली असली की नदीच्या पात्रात वाळू उकरून झिरा करायचा, पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचे आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. एका हंड्याला अर्धा तास लागला तरी त्याबद्दल पाहुण्यांसमोर चकार शब्द काढायचा नाही. पायावर घ्यायला दिलेला तांब्या पाहुण्याने अर्धा परत केला, तर तो जाणता समजला जाई.

लग्नाच्या मांडवात हेच मोठ्या प्रमाणावर चाले. जांभळाचे डहाळे मांडवावर पडले की वाडीतल्या प्रत्येक घराने आपापल्या परीने हंडे आणून पिंपे भरून द्यायची, असा शिरस्ता. आहेराच्या वहीत पाच रुपये, भांडे, लुगडे असे सर्व टिपून ठेवलेले असते, जुन्या घरांत अशा वह्या अजून सापडतात. हंड्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. तरी कोणत्या घराने दिले आणि कोणत्या घराने दिले नाही, हे बायकांना तीस वर्षांनीही तोंडपाठ असे.

हा पाहुणचार सर्वांना सारखा मिळत होता असे लिहिले तर ते खोटे होईल. तहानलेल्या माणसाची जात पाहून कोणाच्या हातात तांब्या दिला जाई, तर कोणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हातात घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच कोकणपट्टीतला प्रसंग होय. जुन्या चालींचे गोडवे गाताना तेवढे पान फाडून टाकता येत नाही.

पाहुण्याचे स्वरूप बदलले ते रेल्वेने. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, 1854 मध्ये ती कल्याणला पोहोचली, 1855 मध्ये वासिंदला, 1860 मध्ये आसनगावला आणि 1861 मध्ये कसाऱ्याला. याच सुमारास मुंबईत कापडाच्या गिरण्या निघू लागल्या. पुढे गिरणी, गोदी, रेल्वे अशा ठिकाणी गावची माणसे कामाला लागली आणि मे महिन्यात सुट्टी काढून येणारा चाकरमानी हा नवा पाहुणा तयार झाला. त्याच्या पिशवीत खारी बिस्किटे, मुलांसाठी टोपी, आईसाठी पातळ.

मुंबईचे पाणीही याच वाटेवरून जाऊ लागले. शहराला आधी विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव पुरत होते. ते पुरेनात तेव्हा शहापूर तालुक्यातील तानसा नदीवर धरण बांधून 1892 साली ते पाणी नळाने मुंबईस नेण्यात आले. वैतरणेवरचे मोडकसागर 1957 मध्ये आणि भातसाचे पाणी 1980 नंतरच्या दशकात आले. आज मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसात असतो. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण झाले, त्याचे पाणी अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीकडे जाते, आणि त्यासाठी तालुक्यातील काही गावपाडे उठवावे लागले. गाव उठले म्हणजे नुसती जमीन जात नाही. ज्या अंगणात सोयरे उतरत ते अंगण जाते आणि सोयरे पांगतात.

यातून एक चमत्कारिक गोष्ट घडली. गावचा माणूस दवाखान्यासाठी, नोकरी शोधण्यासाठी किंवा परीक्षेसाठी मुंबईला गेला की लालबाग-परळच्या चाळीत आपल्याच भावकीच्या दहा बाय बाराच्या खोलीत उतरे. तेथे आधीच सात-आठ माणसे असत, तरी नवव्याला वळकटी मिळे. पहाटे नळाला पाणी येई ते तानसाचे. म्हणजे तानसाकाठच्या माणसाला तानसाचे पाणी घरात नळाने आलेले पहिल्यांदा दिसले ते चाळीत. ज्या वहिनीने तेथे महिनामहिना गावच्या पोरांना वाढले, ती मे महिन्यात गावी आली की तिच्यासाठी माठ भरलेला ठेवणे हे घरच्यांना ओझे वाटत नसे. ही देवघेव कोणी मोजली नाही, परंतु नोकऱ्या लागल्या, ऑपरेशने झाली, मुली उजवल्या गेल्या, त्या हिच्या बळावर.

धरणे याच तालुक्यात असून गावे उन्हाळ्यात कोरडी का, असा प्रश्न शहरात वाढलेली मुले विचारतात आणि तो रास्त आहे. सह्याद्रीचा उतार तीव्र, खाली काळा कातळ. पडलेला पाऊस मुरण्याआधी वाहून जातो आणि फाल्गुन-चैत्रातच विहिरींचा तळ दिसू लागतो. जलाशय खोऱ्यात खाली, पाडे वर टेपावर, आणि धरणे बांधली गेली ती प्रामुख्याने शहरांसाठी. शहापूरकरिता इगतपुरीकडील भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना मंजूर झाली. तोवर टंचाईग्रस्त गावपाड्यांना आधार टँकरचा.

टँकरचा हिशेब सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे. ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीकडे मागणी, संयुक्त पाहणी आणि मग मंजुरी. पाणी धरले जाते माणशी रोज 20 लिटर, आणि माणसे धरली जातात ती गावात राहणारी. म्हणजे सहा माणसांच्या घराला 120 लिटर. त्या घरी मुंबईहून पाच जण सुट्टीला आले की खाणारी-पिणारी तोंडे अकरा होतात, पाणी 120 लिटरच राहते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला अकरा लिटरही येत नाही. सरकारी तक्त्यात पाहुण्याचा रकाना नाही. त्याचे पाणी घरचा माणूस आपल्या वीस लिटरांतून काढतो.

हे ध्यानात आल्यामुळे अलीकडे काही चाकरमानी मोटारीतून पाण्याचे कॅन घेऊन येतात. हेतू चांगला असतो, पण अंगणात शिरताच डिकीतून बाटली काढून तोंडाला लावली की माठाजवळ तांब्या घेऊन उभ्या असलेल्या काकूचा चेहरा उतरतो. आधी तिच्या हातचे घोटभर घ्यावे आणि मग कॅन गुपचूप मागच्या दारी नेऊन ठेवावेत, ही रीत काही घरांनी काढली आहे. ती चांगली आहे. पाहुण्यांनी आठवड्याऐवजी दोन दिवसच राहणे, किंवा लग्नाची तारीख माघात अथवा फाल्गुनात धरणे, हेही सुरू झाले आहे. त्याने पाण्याची सोय होते, परंतु मुलांना शाळा असल्याने ती येत नाहीत, आणि चुलत भावंडे एकमेकांना फोनवरच्या फोटोंतून ओळखू लागतात.

देवालाही वैशाखात पाणी लागते. शंकराच्या पिंडीवर गळती टांगतात, तिच्यातून थेंब थेंब चोवीस तास पडत राहतो. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घट देतात, तो उदककुंभ. हे पाणी पुष्कळ ठिकाणी त्याच आटलेल्या विहिरीतून आणि त्याच बायकांच्या डोक्यावरून येते. कलशारोहणासारखा समारंभ बहुधा वैशाखातच ठेवावा लागतो, कारण सर्वांना सुट्टी तेव्हाच. मग कार्यक्रमपत्रिका छापण्याच्या आधी टँकरची बोलणी करावी लागतात, आदल्या रात्री पिंपे भरून घ्यावी लागतात, आणि महाप्रसादाला बसलेल्या मुंबई-कल्याणच्या मंडळींना पंगतीत पहिले पाणी वाढले जाते ते गुळाच्या खड्यासह.