द्राक्षांचा आंबटपणा कोठला?

गिरगावातल्या चाळीत कोणाची बढती हुकली, किंवा परळच्या एखाद्या कचेरीत कोणाचा अर्ज नामंजूर झाला, आणि तो गृहस्थ 'नाहीतरी त्या हुद्द्यात काय राम होता!' असे म्हणाला, की शेजारचे आजोबा पानाला चुना लावता लावता 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' एवढेच उद्गारतात. आणि ही म्हण पेशवाईच्याही आधीपासून आपल्याकडे नांदत असावी, असा ऐकणाऱ्यांचा समज असतो. वस्तुतः आपला अस्सल देशी कोल्हा म्हणजे काकडीला राजी होणारा. मिळेल त्यात संतोष मानणारा, बिचारा. हाती न आलेल्या फळाला नावे ठेवणारा हा दुसरा कोल्हा यवनदेशीचा.

त्याचा जनक इसाप हा, हिरोडोटसच्या सांगण्याप्रमाणे, सॅमॉस बेटावरील एक गुलाम. ग्रीक कथेतला कोल्हा द्राक्षे कच्ची ठरवून चालू लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात फीड्रस नावाच्या, स्वतःही दास्यातून मुक्त झालेल्या रोमन कवीने ती कथा लॅटिन पद्यात बांधली, आणि कच्चेपणाच्या जोडीला आंबटपणाची तक्रारही कोल्ह्याच्या तोंडी घातली. पुढे फ्रेंच कवी ला फोंतेनच्या कोल्ह्याला ती फार हिरवी वाटली. इंग्रजांनी मात्र आंबटपणाच पक्का धरला. आपल्या म्हणीतही तोच शब्द असल्यामुळे हा प्राणी इंग्रजांच्या वाटेनेच आपल्याकडे आला, असे माझे मत आहे.

इसापाला मराठी पेहराव प्रथम चढला तो तंजावरास, सरफोजीराजांच्या आश्रयाने, 1806 मध्ये 'बालबोधमुक्तावली' छापली गेली तेव्हा. परंतु ती सुदूर दक्षिणेत. मुंबईत एल्फिन्स्टनसाहेबांच्या अमदानीत शाळांसाठी पुस्तके सिद्ध करणारी मंडळी स्थापन झाली, आणि तिचे नेटिव सेक्रेटरी सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी 1828 मध्ये 'इसापनीतिकथा' मराठीत उतरवली. पंचतंत्रात गोष्टीतून गोष्ट निघते आणि मूळ प्रसंग हरवून जातो. इसापाची गोष्ट चार ओळींत संपते, आणि पंतोजींना मुलांकडून घोकून घेण्यास ती सोयीची पडते. कथेपासून सुटून एखादे वाक्य घरोघर म्हण म्हणून फिरू लागावे, यास दुसरे कारण शोधण्याची गरज मला वाटत नाही.

छत्रे 1830 मध्ये वारले. मराठी गद्याच्या पहिल्या पिढीचा ताळेबंद मांडताना अभ्यासकांनी व्याकरणे आणि कोश यांच्याबरोबर ही बाळबोध चोपडीही जमेस धरावी.