अमिगा ४००० आणि सुधारित संगणकांचा व्यापार

कमोडोर कंपनीने १९९२ मध्ये आणलेल्या मूळ ‘अमिगा ४०००’ या डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर, म्हणजे गणनेचे मुख्य काम करणारी चिप, मदरबोर्डवर नव्हे तर सुट्या कार्डावर बसवलेला होता, आणि काही अंशी या रचनेमुळेही १९९४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाल्यावरही या यंत्राची खरेदी-विक्री थांबली नाही. जर्मनीतील ‘फेज ५’ने मोटोरोलाच्या ६८०६० चिपची ‘सायबरस्टॉर्म’ कार्डे विकली. त्यामुळे २५ मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला अडीच कोटी स्पंदांच्या, ६८०४० चिपऐवजी ५० मेगाहर्ट्‌झची चिप त्याच पेटीत बसू लागली.

मात्र अशा यंत्राचे मोल केवळ वेगावर ठरवणे चुकीचे ठरते. घड्याळ चालू ठेवण्यासाठी बोर्डावर निकेल-कॅडमियमची बॅटरी डाखलेली असे. ती कालांतराने पाझरून तांब्याच्या बारीक वाहिन्या कुरतडते, आणि विद्युतभार साठवणारे कपॅसिटरही तसेच गळतात. म्हणून जाणकार ग्राहक आधी बॅटरी केव्हा काढली, कपॅसिटर बदलले का, हे विचारतो आणि बोर्डाची जवळून घेतलेली छायाचित्रे मागतो. काढलेले मूळ कार्ड जपून सोबत देणारा विक्रेता या यंत्राच्या इतिहासाशी अधिक प्रामाणिक म्हणावा लागतो.