नारी सुवर्णा

नारी सुवर्णा : एका वेताला बऱ्याचदा जुळी कोकरे देणारी, महाराष्ट्रात विकसित झालेली मेंढी. सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ती तयार केली. दख्खनी मेंढीच्या लोणंद प्रकारात बंगालच्या गारोल मेंढीचे बहुप्रसवतेचे जनुक आणणे हा या कामाचा गाभा होता. पुढे कर्नाटकातील बन्नूर आणि पश्चिम आशियातील अवासी या जातींचे रक्तही तिच्यात आले. बी. व्ही. निंबकर यांनी 1968 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत मेंढीवरील संशोधनाची धुरा त्यांच्या कन्या चंदा निंबकर यांनी वाहिली.

दख्खनच्या पठारावरची मेंढी काटक आहे. ती कुसळावर जगते, मैलोन्‌मैल चालते, दुष्काळ सोसते. मात्र एका वेताला ती जवळजवळ नेहमी एकच कोकरू देते. घोंगडीचे दिवस होते तोवर लोकरीचेही चार पैसे येत; आता कित्येक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून निघत नाही. तीन-चार महिन्यांची कोकरे बाजारात विकणे हेच धनगराचे मुख्य उत्पन्न उरले आहे. चराऊ राने आक्रसत असताना कळप वाढवून हे उत्पन्न वाढवता येत नाही. मेंढ्या तेवढ्याच ठेवून कोकरे वाढवायची, हाच मार्ग राहतो.

त्यासाठी लागणारे जनुक सुंदरबनात होते. गारोल ही जेमतेम दहा ते पंधरा किलो वजनाची मेंढी. खाऱ्या दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभी राहून ती चरते. दोन-तीन कोकरे होणे तिच्यात नेहमीचे. या जनुकाची ओळख जगाला पटली ती मात्र फार लांबून, ऑस्ट्रेलियातून. न्यू साउथ वेल्समधील कूमाजवळच्या ‘बुरूला’ नावाच्या मेंढवाडीवर सीअर्स बंधूंनी जास्त कोकरे देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून वाढवल्या होत्या. 1958 पासून तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेने त्यांचा अभ्यास सुरू केला आणि 1980 नंतरच्या काळात स्पष्ट झाले की, हा गुण अनेक जनुकांच्या बेरजेतून आलेला नसून एकाच मोठ्या परिणामाच्या जनुकाचा आहे. त्याला ‘फेक-बी’ म्हणतात. हेलन न्यूटन टर्नर या आनुवंशशास्त्रज्ञ बाईंनी जुनी कागदपत्रे तपासून मूळ बंगालकडे दाखवले : 1792–93 मध्ये कलकत्त्याहून सिडनीला मेंढ्या गेल्या होत्या. जनुकीय चाचण्यांत गारोलमध्ये हेच उत्परिवर्तन सापडले आणि हा तर्क पक्का झाला.

2001 मध्ये वेगवेगळ्या देशांतील तीन गटांनी ते उत्परिवर्तन नेमके शोधले. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील बीएमपीआर-1बी या जनुकात एकाच अक्षराचा बदल होतो आणि प्रथिनातील 249 व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येते. एवढ्याने अंडाशयातील पुटके लहान आकाराची असतानाच पक्व होतात आणि एका माजात एकाऐवजी दोन-तीन बीजांडे सुटतात.

फलटणमधील काम याच सुमारास जोरात होते. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचे साहाय्य 1998 पासून मिळाले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा रक्ताच्या नमुन्यांवरून जनुकाची तपासणी करू लागली. या तपासणीवाचून काम अडले असते, कारण मेंढा स्वतः विणार नाही. त्याच्या अंगात जनुक आहे की नाही, हे त्याच्या लेकी व्यायल्यावरच कळले असते. गारोल आणि दख्खनीच्या पहिल्या संकरात निम्मे रक्त गारोलचे, त्यामुळे कोकरू खुजे. ते पुन्हा दख्खनीशी, मग पुन्हा दख्खनीशी फळवत गेले की गारोलचा वाटा पाव, मग अष्टमांश होतो आणि अंगलट परत येते. दर पिढीत निम्म्याच कोकरांत जनुक उतरते. ती निवडायची, बाकीची सोडायची. शेवटी जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला मेंढा हाती आला की मेंढपाळाला कसलीही तपासणी लागत नाही. असा मेंढा साध्या दख्खनी कळपात सोडला, तर त्याच्या प्रत्येक लेकीत जनुकाची एक प्रत असतेच.

मेरिनोत एका प्रतीमुळे वेतामागे साधारण एक कोकरू वाढते आणि दोन प्रती असल्या तर तिळी-चौळी होऊन कोकरे दगावतात. दख्खनीत परिणाम सौम्य निघाला : एका प्रतीने वेतामागची कोकरे सुमारे एकवरून 1.6 च्या आसपास जातात, म्हणजे जुळी पुष्कळ आणि तिळी थोडी. आकड्याने हा लाभ लहान दिसतो, पण पठारावरच्या चाऱ्याला नेमका हाच झेपणारा आहे. माझ्या मते या संशोधनाचे सर्वांत मोलाचे अंग म्हणजे हे मोजमाप संस्थेच्या गोठ्यापुरते राहिले नाही. फलटण परिसरातील मेंढपाळांच्या कळपांत कोकरांच्या कानांत बिल्ले लावून त्यांचा जन्म, वजन आणि मरतूक यांच्या नोंदी झाल्या.

जुळ्यांचे वजन एकट्या कोकरापेक्षा कमी असते आणि दूध दोघांत वाटले जाते. मेंढीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा-सात आठवड्यांत होते. त्या काळात मक्याचा भरडा, मूठभर पेंड, लसूणघास किंवा सुबाभळीचा पाला मिळाला तर जुळी सुदृढ जन्मतात आणि आईला दूधही उतरते. व्याल्यावर पहिल्या काही तासांत दोन्ही कोकरांच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. ओढणारे कोकरू सगळे पिऊन टाकते आणि दुसरे थंडीने आखडते, हे प्रत्येक धनगरणीला ठाऊक आहे. ती अशा कोकराला दुसऱ्या दुभत्या मेंढीखाली धरते. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपांत हे अवघड होते. तिथे नवी कोकरे घोड्यावरच्या बिऱ्हाडाबरोबर जातात आणि जुळी वाढली की ओझेही वाढते. म्हणून स्थिर किंवा अर्धस्थिर कळपांना ही मेंढी अधिक मानवते.

आरोग्याची कामे इतर मेंढ्यांसारखीच : आंत्रविषार, पीपीआर आणि देवी यांच्या लसी, लाळ्या-खुरकुताची काळजी, पावसाळ्यात जंतांवर लक्ष. पोटातील रक्त शोषणाऱ्या हिमाँकस जंताला गारोल बरीच दाद देत नाही. तिच्या संकरित कोकरांच्या लेंड्यांतही जंतांची अंडी कमी आढळली.

गारोलचेच जनुक वापरून राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या संकरातून ‘अविशान’ तयार केली. दोन्ही कामांचा आधार असलेली मूळ गारोल मात्र सुंदरबनातल्या गरीब घरांच्या छोट्या कळपांतच राहते. संकरासाठी तिचे मेंढे नेताना शुद्ध कळप तिथेच टिकवण्याची व्यवस्था सरकारने केली पाहिजे. आणि ज्या मेंढपाळाकडे विण्याआधीच्या दोन महिन्यांचा खुराक नाही, त्याने तो आधी जमवावा, मगच सुवर्णाचा मेंढा कळपात सोडावा.