टाकाऊ थरातलं औषध

रक्त यंत्रात गरगर फिरवलं की तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर द्रव राहतो आणि दोहोंच्या मधोमध सायीसारखा पातळ, पांढुरका थर दिसतो. तो पांढऱ्या पेशींचा. रक्तपेढीला त्याचा फारसा उपयोग नसे. हेलसिंकीचे विषाणुतज्ज्ञ कारी कांटेल यांनी १९६०च्या दशकात फिनिश रेडक्रॉसकडून नेमका हाच थर मागून घ्यायला सुरुवात केली. जुनाट हेपॅटायटिसवरच्या इंटरफेरॉन उपचाराची सुरुवात या थरातून झाली.

इंटरफेरॉनचा शोध मात्र लंडनचा. १९५७ मध्ये मिल हिलच्या प्रयोगशाळेत ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर उष्णतेनं निकामी केलेला फ्लूचा विषाणू सोडला. त्या पेशींतून एक पदार्थ पाझरला. तो दुसऱ्या पेशींना लावला, तर जिवंत विषाणूही त्यांच्यात वाढेना. जपानमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांना १९५४ मध्येच असं काहीसं आढळलं होतं. त्यांची नावं या इतिहासात फार कमी घेतली जातात, हे योग्य नाही.

पण औषध म्हणून द्यायला हा पदार्थ आणायचा कुठून? कांटेल पांढऱ्या पेशींमध्ये सेंडाई नावाचा विषाणू मिसळत. पेशी सावध होऊन इंटरफेरॉन सोडत, मग तो द्रव वेगळा करून शुद्ध करायचा. हजारो लोकांच्या रक्तदानातून हाती येई ते ग्रॅमभरही नसे, आणि त्यातही भेसळच जास्त. तरीही १९७०च्या दशकात जगभरच्या प्रयोगांना मुख्य आधार हेलसिंकीचाच होता.

१९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या हॅरी ग्रीनबर्ग, थॉमस मेरिगन, विल्यम रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी जुनाट हेपॅटायटिस ‘बी’च्या चार रुग्णांना पांढऱ्या पेशींपासून काढलेलं इंटरफेरॉन दिलं. रक्तातल्या विषाणूच्या खुणा झपाट्यानं खाली आल्या. थोडेच दिवस दिलं तर त्या पुन्हा वर येत, महिनाभर किंवा अधिक काळ दिल्यावर मात्र बदल टिकला.

इंटरफेरॉन आजूबाजूच्या पेशींना सावध करतं, तसंच रोगप्रतिकारक पेशींना चेतवतं. म्हणूनच उपचार चालू असताना काही रुग्णांच्या यकृताच्या चाचण्या आधी बिघडत. चेतलेल्या पेशी विषाणू शिरलेल्या यकृतपेशींवर तुटून पडत. डॉक्टर ते बरेचदा चांगलं लक्षण मानत. मात्र यकृत आधीच थकलेलं असेल, तर तोच भडका जिवावर बेते.

१९८० मध्ये झुरिचच्या चार्ल्स वाइसमान यांच्या गटानं मानवी इंटरफेरॉनचं जनुक जिवाणूत घालून दाखवलं आणि रक्तदात्यांवरचं अवलंबित्व संपण्याची वाट मोकळी झाली. १९८६ मध्ये अमेरिकेत जे हूफनागल यांनी दहा रुग्णांवर हे नवं इंटरफेरॉन वापरलं. त्यांचा आजार ‘ए’ही नव्हता, ‘बी’ही नव्हता आणि त्याचा विषाणू तोवर कुणी ओळखलेला नव्हता. बहुतेकांच्या यकृताची सूज उतरू लागली. हेपॅटायटिस ‘सी’चा विषाणू ओळखला गेला तो १९८९ मध्ये. शत्रूचा पत्ता नसताना उपचार लागू पडला, कारण लढणारं शरीर रुग्णाचं होतं. या इतिहासातला सर्वांत विलक्षण प्रसंग हाच.

किंमतही शरीरानंच मोजली. आठवड्याला तीन इंजेक्शनं, हुडहुडी भरून ताप, अंग मोडून येणं, केस गळणं. काहींना इतकं नैराश्य येई की उपचार थांबवावे लागत. एवढं सोसूनही ‘सी’च्या बहुसंख्य रुग्णांचा विषाणू परत येई. १९९८च्या सुमारास रिबाविरिनच्या गोळ्या जोडीला आल्या, पुढे आठवड्यातून एकदाच घ्यायचं पेगइंटरफेरॉन आलं, तेव्हा कुठे निम्म्याच्या आसपास रुग्ण बरे होऊ लागले.

२०१३च्या अखेरीस सोफोसबुविरला अमेरिकेत मान्यता मिळाली. थेट विषाणूवर चालणाऱ्या गोळ्या काही आठवड्यांत ‘सी’ घालवू लागल्या आणि तिथलं इंटरफेरॉनचं काम संपलं. ‘बी’चं तसं नाही. हा विषाणू आपल्या जनुकांची चिवट प्रत यकृतपेशीच्या केंद्रकात ठेवतो आणि गोळ्या त्याला बहुधा दाबूनच धरतात. त्यामुळे निवडक रुग्णांना आजही ४८ आठवडे पेगइंटरफेरॉन दिलं जातं.