मोटारगाडीचा मूळ देश : अभिज्ञानाच्या साधनांचा विचार

मोटारगाडी कोणत्या देशाची, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. पुढील बाजूस लावलेले चिन्ह वाचावे व उत्तर द्यावे, अशीच सर्वसाधारण रीत आहे. परंतु छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतीत २००१ पासून जुळवल्या जाऊ लागलेल्या स्कोडा गाड्यांपैकी एखादी समोर ठेवली, म्हणजे ही रीत किती अपुरी आहे ते ध्यानात येते. तिचे चिन्ह चेक आहे, कंपनीची मालकी जर्मन आहे, आणि तिचे भाग एकत्र आले ते मराठवाड्यात. यांपैकी कोणती साक्ष ग्राह्य धरावी?

नाणकशास्त्राच्या अभ्यासकास ही अडचण नवी नाही. याच नगरातील टांकसाळीचे नाव मोगल नाण्यांवर कधी 'औरंगाबाद' तर कधी 'खुजिस्ता बुनियाद' असे आढळते. स्थळ एक असून नावे दोन आहेत. शिवाय टांकसाळीचे नाव, बादशहाचे नाव व धातू या तीन स्वतंत्र साक्षी असून त्यांपैकी एकीवरून दुसरीचा निष्कर्ष काढता येत नाही. मोटारगाडीच्या बाबतीत हाच विवेक क्वचितच पाळला जातो, आणि म्हणून जुन्या गाड्यांच्या पुष्कळशा नोंदी अविश्वसनीय ठरतात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानात आलेल्या फोर्ड गाड्यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्या सरसकट अमेरिकन म्हणून नोंदवल्या जातात. वस्तुतः इंग्लंड वगळता ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक बाजारपेठेचा हक्क १९०४ साली स्थापन झालेल्या कॅनडातील फोर्ड कंपनीकडे होता, आणि उजव्या बाजूस सुकाणू असलेल्या गाड्या इकडे येत त्या प्रायः ऑन्टॅरिओ प्रांतातील तिच्या कारखान्यातून. १९२६ पासून येथे फोर्डची, तर १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सची जुळवणी सुरू झाली. अशा गाडीस केवळ 'अमेरिकन' म्हणणाऱ्या नोंदीवरून कोणी त्या काळच्या व्यापाराचा इतिहास लिहू लागला, तर साम्राज्यांतर्गत व्यापाराचा एक महत्त्वाचा दुवा त्याच्या दृष्टीआड होईल.

१९४८ पर्यंत औरंगाबाद हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे या भागातील वाहनांचा मागोवा निजामी काळापर्यंत न्यावा लागतो. मीर महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली व त्यांच्या निधनानंतर मीर उस्मान अली खान यांच्याकडे आलेली १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस प्रसिद्धच आहे. तिची चॅसी डर्बी येथील कारखान्याची, परंतु वरील घडण लंडनच्या बार्कर या गाडी-बांधणाऱ्या पेढीची. त्या काळी उंची गाड्यांच्या बाबतीत हीच प्रथा होती. तेव्हा 'निर्माता' या एका शब्दाने दोन भिन्न कारागिरांचा बोध होतो, हे विसरता कामा नये. उलट १९३२ मध्ये निजाम राज्य रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्याने २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली, त्या आल्बियन बस ग्लासगोच्या. त्यांना 'इंग्लिश' म्हणण्याचा प्रघात येथे पडला असला, तरी स्कॉटिश माणसास तो मुळीच रुचणार नाही.

चिन्हे बदलता येतात, पितळी पट्ट्या हरवतात. म्हणून जाणकाराचा भरवसा लहानसहान अवयवांवर अधिक असतो. एंजिनाच्या ओतकामावरील ठसे, विजेच्या उपकरणांवरील नावे आणि विशेषतः नट-बोल्टांचे आटे यांची साक्ष सहसा कोणी बनावट करीत नाही. व्हिटवर्थ पद्धतीच्या ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक व अमेरिकन आट्यांचा ६० अंशांचा. कोणता पाना बसतो हे पाहून मिस्त्री जे अनुमान करतो, ते पुष्कळदा पदवीधराच्या अनुमानापेक्षा बरे असते. तथापि येथेही सावधगिरी हवी. मॉरिसच्या कित्येक जुन्या एंजिनांत बोल्टाच्या डोक्यास व्हिटवर्थचा पाना बसतो, पण आटे मात्र मेट्रिक मापाचे निघतात. याचे कारण असे, की कॉव्हेन्ट्री येथील तो एंजिनांचा कारखाना मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. १९२३ मध्ये मॉरिसने तो विकत घेतला. यंत्रे मेट्रिकच राहिली, फक्त डोकी इंग्रज दुरुस्तीवाल्याच्या पान्याजोगी करण्यात आली. केवळ आट्यांवर विसंबणारा परीक्षक अशा अस्सल इंग्रजी एंजिनास निःशंकपणे फ्रेंच ठरवील. 'लुकास' हे नावही असेच फसवे आहे. ते मूळचे बर्मिंगहॅमचे खरे. परंतु १९६० नंतरच्या दशकात त्याच नावाची उपकरणे मद्रासेत तयार होऊ लागली.

स्वातंत्र्योत्तर काळात हा गुंता वाढला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट ११०० ला १९७४ मध्ये 'पद्मिनी' हे चितोडच्या राणीचे नाव मिळाले. परंतु महाराष्ट्रात गाडी वापरणाऱ्यांनी ते बहुधा कागदोपत्रीच ठेवले. बोलण्यात ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. उत्तरपाड्याची अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची आवृत्ती. मद्रासची स्टँडर्ड गॅझेल ही ट्रायंफ हेरल्डची वंशज, आणि त्या ब्रिटिश हेरल्डची आकृती मात्र मिकेलोत्ती या इटालियनाने रेखाटलेली. या सर्वांवर ताण करते ती १९८५ ची प्रीमियर ११८ एनई. तिचा सांगाडा इटलीच्या फियाट १२४ चा, पण स्पेनमध्ये सेआट कंपनीने दिलेल्या रूपातील; एंजिन जपानच्या निसानचे; आणि निर्मिती महाराष्ट्रातील. अशा गाडीपुढे 'मूळ देश' हा एकच रकाना ठेवणारा नोंदपत्रक करणाराच दोषी मानला पाहिजे.

वाळूज येथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या बजाजच्या कारखान्यामुळे तीनचाकी रिक्षा हे या नगराचे जणू स्वतःचे उत्पादन झाले. तिची वंशावळ इटलीतील प्याजिओ कंपनीच्या १९४८ मधील 'आपे' पर्यंत, म्हणजे 'मधमाशी' पर्यंत, जाते. त्याच कंपनीची 'वेस्पा', म्हणजे गांधीलमाशी, भारतात परवान्याखाली तयार होत होती; करार संपल्यावर १९७२ मध्ये तिचाच आकार राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन आला. कीटकाचा अश्व झाला, पत्रा व घाट तोच राहिला.

आता पुन्हा शेंद्र्याकडे वळू जाता, स्कोडाचे चेकत्वही तपासून घेणे अवश्य ठरते. वाक्लाव लाउरिन व वाक्लाव क्लेमेंट यांनी म्लादा बोलेस्लाव येथे १८९५ मध्ये सायकलींचा उद्योग आरंभला, आणि १९०५ मध्ये पहिली मोटार काढली, तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. १९२५ मध्ये प्लझेन्यच्या स्कोडा कारखान्यात हा उद्योग विलीन झाला तेव्हा देश चेकोस्लोव्हाकिया होता. १९३९ ते १९४५ जर्मन अंमल, त्यानंतर राष्ट्रीयीकरण, १९९१ मध्ये फोक्सवागेनशी भागीदारी, १९९३ मध्ये चेक प्रजासत्ताक, २००० मध्ये संपूर्ण जर्मन मालकी. कारखाना जागचा हलला नाही. सरहद्दी व सत्ता त्याच्यावरून सरकत गेल्या. म्हणून १९१० च्या गाडीस 'चेक' म्हणणे भाषेच्या दृष्टीने योग्य, राज्याच्या दृष्टीने कालविपर्यासाचे होय.

शेंद्र्यास गाड्या जुळवण्याचे तात्कालिक कारण आर्थिक आहे. तयार गाडीपेक्षा सुट्या भागांवरील आयातशुल्क कमी असते. हल्ली सतरा अक्षरांकांचा चॅसी क्रमांक सर्वत्र रूढ असून त्यातील आरंभीची अक्षरे प्रदेश व निर्माता दर्शवतात ('डब्ल्यू' जर्मनी, 'झेड' इटली, 'जे' जपान), परंतु कोणता भाग कोठे घडला याविषयी ती मौनच पाळतात.

२००७ पासून याच ठिकाणी ऑडीचीही जुळवणी होऊ लागली. तिची चार वर्तुळे १९३२ मध्ये एकत्र आलेल्या चार कंपन्यांची निदर्शक आहेत : ऑडी, हॉर्ख, डीकेडब्ल्यू व वाँडरर. ऑडीचे आजचे मुख्यालय बव्हेरियातील इंगोलश्टाट येथे आहे. परंतु चारांपैकी एकही कंपनी बव्हेरियातील नव्हती. सगळ्या सॅक्सनीतील, म्हणजे युद्धानंतर पूर्व जर्मनीत गेलेल्या भागातील. ऑडीचे मूळ गाव त्स्विकाउ. तेथे १९५७ पासून ट्राबांट ही साम्यवादी राजवटीची छोटी गाडी तयार होऊ लागली. आणि डीकेडब्ल्यूचा संस्थापक रास्मुसेन हा तर जन्माने डेन्मार्कचा.