चिंचेचा ओंडका

वीसएक वर्षांपूर्वी आमच्या मंडईतल्या मटणवाल्या चाचांनी मला विचारलं होतं, "मास्तर, लाकडाचा ओंडका टाकून प्लास्टिकचा पाट घ्या म्हणतात. तुम्ही जंतूंचं शिकवता, खरं काय ते सांगा." चिंचेच्या खोडाचा तो ओंडका त्यांच्या वडिलांपासूनचा, सत्तुराच्या घावांनी मधोमध खोलगट झालेला. मी लगेच म्हणालो, "टाका. लाकडात जंतू मुरतात." चाचांनी तो टाकला. माझ्या उत्तराला आधार काय होता, हे शोधायला मी बसलो ते निवृत्तीनंतर.

मंडईतली स्वच्छता आधी नाकाने ओळखली जाई. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात, 1869 मध्ये, आजची महात्मा फुले मंडई उभी राहिली. तिच्या गोमांस विभागाचा सांगाडा लोखंडी होता आणि फरशी थेट स्कॉटलंडमधल्या केथनेसहून आणली होती. दूषित हवेतून रोग होतो, असा तेव्हाचा समज. म्हणून भर होता तो खेळत्या हवेवर आणि धुता येईल अशा दगडावर.

1888 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकेनहाउझेन इथे मांस खाऊन बरेच लोक आजारी पडले. ऑगस्ट गेर्टनर यांना गायीच्या मांसात आणि दगावलेल्या माणसाच्या शरीरात एकच जिवाणू सापडला. आज आपण त्याला साल्मोनेलाच्या कुळात घालतो. नाकाला न कळणारा शत्रू आता सिद्ध झाला होता. मग मांस ज्या ज्या वस्तूला लागतं, तिच्यावर संशय येणं ओघानेच आलं. सच्छिद्र लाकूड गुन्हेगार दिसू लागलं आणि पुढे गुळगुळीत प्लास्टिक निर्दोष. अमेरिकेत तर सरकारी सल्लाही प्लास्टिकचाच होता.

विस्कॉन्सिन विद्यापीठातले डीन क्लिव्हर आणि त्यांचे सहकारी लाकूड प्लास्टिकइतकं सुरक्षित कसं करता येईल, हे शोधायला निघाले होते. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष उलटेच निघाले. साल्मोनेला, लिस्टेरिया आणि ई. कोलाय हे जिवाणू प्लास्टिकवरून तासांनंतरही जिवंत मिळत. रात्रभर ठेवले तर वाढत. स्वच्छ लाकडात ते द्रवासोबत तीन ते दहा मिनिटांत शोषले जात आणि कच्च्या मांसातून येतील एवढ्या संख्येत असतील, तर सहसा पुन्हा हाती लागत नसत. नवं प्लास्टिक सहज धुतलं जाई. पण सुरीचे चरे पडलेलं आणि चरबी माखलेलं प्लास्टिक हाताने धुऊन साफ होत नसे.

म्हणजे "लाकडात जंतू मुरतात" हे माझं वाक्य खरं होतं, त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा. मुरलेले जंतू मांसाला परत लागत नव्हते.

अर्थात हे प्रयोगशाळेतले लहान तुकडे होते. मंडईतल्या ओंडक्यावर दिवसभर रक्त आणि चरबी साचते, भेगा पडतात. तिथे लाकडाच्या गुणावर विसंबून चालत नाही. खरवडणं, धुणं, वाळवणं हवंच. चाचांचे वडील हेच करीत. दुकान बंद करताना सत्तुराने ओंडका खरवडायचा आणि वर जाडं मीठ पसरायचं. मीठ ओल ओढून घेतं आणि ओलीशिवाय बहुतेक जिवाणू वाढत नाहीत. 2011 च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांत मांसाच्या दुकानांसाठी कठीण, भरीव लाकडाचा ओंडका चालतो असं म्हटलं आहे आणि रोज काम संपल्यावर त्यावर पुरेसं मीठ पसरावं, असंही. म्हाताऱ्या खाटकाची रीत सरकारी कागदावर आली होती.

हे सगळं वाचून मी चाचांकडे गेलो. प्लास्टिकच्या पाटावर चऱ्यांच्या काळ्या रेघा होत्या. मी माझी चूक सांगितली. ते म्हणाले, "मास्तर, पाट कुठलाही द्या. मंडईच्या नळाला पाणी सकाळी दोन तास. त्याचं काय ते लिहा."

म्हणून लिहिलं. दीडशे वर्षं आपण फरशी, लाकूड आणि प्लास्टिक तपासत आलो. नळ तपासायचा राहिला.